नमुने पाठवण्याआधी

नेरुळ, नवी मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. शहापूर आणि उल्हासनगरमधल्या गरोदर बायकांचं रक्त, त्यात लोह, बी-१२, फोलेट, शिवाय डीएनए, आणि जनुकांचं विश्लेषण युरोपातल्या विद्यापीठात. काम चांगलं आहे, घे. पण ‘एवढ्या मोठ्या मंडळींत माझं काय चालणार’ हे जे शेवटी लिहिलंयस, ते काही मला पटलं नाही. ठाणे जिल्हा त्या मंडळींपैकी तुलाच ठाऊक आहे. ते ठाऊक असणं प्रोटोकॉलमध्ये उतरलं पाहिजे, आणि तेही पहिली नळी भरायच्या आधी.

होमोसिस्टिन (बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की रक्तात वाढणारं अमिनो आम्ल) मोजणार आहात ना? रक्त काढल्यावरही पेशी ते बाहेर सोडत राहतात. नळी तशीच ठेवली तर तासाला साधारण १० टक्के वाढ धरून चाल. आता शहापूरहून महापेला निघालेली गाडी डोळ्यांसमोर आण. भिवंडीची कोंडी, मुंब्रा बायपासवरचे कंटेनर, मग शिळफाटा. तीन तास कुठे गेले कळत नाही. आकडा फुगतो आणि दोन वर्षांनी पेपरात ‘बी-१२ची तीव्र कमतरता’ म्हणून मिरवतो. म्हणून नळी काढल्या काढल्या बर्फात आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या, तेही आरोग्य केंद्रातच. वीज गेली तर? बजेटात इन्व्हर्टर लिहून घे. तिकडच्यांना तो कशाला लागतो ते समजणार नाही. समजावून सांग, लाजू नकोस.

पेशी काढून उरलेला प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तो नमुना बाद. तांबड्या पेशींत सीरमपेक्षा कितीतरी जास्त फोलेट असतं, झिंकही असतं. पेशी फुटल्या की दोन्ही आकडे खोटे. झिंकला साधी नळी चालत नाही, रबरी बुचातूनही ते उतरतं. फेरिटिनसोबत (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) सीआरपी (अंगातल्या दाहाची खूण) हवंच, कारण अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असला की लोह कमी असूनही फेरिटिन चांगलं दिसतं, आणि तुमची शिबिरं तर ऐन पावसाळ्यात आहेत. हे सगळं तुला शिकवलेलं आहे. तरी लिहिते, कारण सलाइनची बाटली दिसली की लोक सलाइनकडे बघतात, सुईकडे कोणी बघत नाही. नमुना घेण्याचंही तसंच.

आता उल्हासनगर. तिथे सिंधी वस्ती मोठी, आणि सिंधी समाजात थॅलेसेमिया मायनरचं (रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं एकच सदोष जनुक असण्याचं) प्रमाण जास्त आहे हे आपल्याकडे कोणताही पॅथॉलॉजिस्ट सांगेल. मायनर असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन थोडं कमी, पेशी बारीक. लोह कमी असलेल्या बाईचंही तसंच. परक्या माणसाने नुसता सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) पाहिला तर तो दोघींना एकाच रकान्यात टाकणार. म्हणून एचपीएलसी यंत्रावर एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजायलाच लाव, ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की मायनरचा संशय. मात्र लोह फार कमी असेल तर एचबीए-२सुद्धा खाली येतं, तेव्हा फेरिटिन शेजारी ठेवूनच वाच. शहापूरच्या आदिवासी पाड्यांसाठी सिकलसेलची तपासणीही यादीत घाल.

आणि हा निकाल ‘डेटा’ म्हणून फ्रीझरमध्ये पडून राहता कामा नये. बाई मायनर निघाली तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ थॅलेसेमिया मेजर (आयुष्यभर रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार) असण्याची शक्यता २५ टक्के, आणि पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर ती लवकरच व्हावी लागते. तिसऱ्या महिन्यातल्या बाईला सहा महिन्यांनी रिपोर्ट देऊन काय करायचंय? किती दिवसांत, कोण, कोणत्या दवाखान्यात पाठवणार, हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसेल तर सही करू नकोस. या एका मुद्द्यावर भांडायची वेळ आली तरी भांड.

जनुकांच्या भागात एमटीएचएफआर, म्हणजे शरीराला फोलेट वापरायला लागणारं जनुक, पहिल्या पानावर असणार, युरोपात त्याचा फार बोलबाला. त्याचा ६७७-टी हा होमोसिस्टिन वाढवणारा प्रकार आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो. आपल्या बायकांचं होमोसिस्टिन वाढतं ते बहुतेक बी-१२ कमी असल्याने. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गावांतल्या आयांचा आणि मुलांचा पाठपुरावा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर केला. आईचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असेल, तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त, हे त्यातून पुढे आलं. सगळ्यांना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटून मोकळं व्हायच्या आधी हा निष्कर्ष टेबलावर ठेव. (एका जनुकावरून आहार ठरवून देणाऱ्या किटच्या जाहिराती हल्ली फोनवर येतात. त्यावर मी काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.)

तिकडच्यांची गरज नाही असं मात्र समजू नकोस. फॉलिक ॲसिडने बाळाच्या मज्जारज्जूचे दोष टळतात हे १९९१ साली पक्कं झालं, ते ७ देशांतली ३३ केंद्रं एकत्र आली म्हणून. १,१९५ गरोदरपणांचा निकाल हाती आला, त्यांत दोष असलेली बाळं २७. फॉलिक ॲसिड घेतलेल्या गटांत ६, न घेतलेल्यांत २१. एका देशाला एवढा आकडा जमवायला किती वर्षं लागली असती बघ. आणि त्या फोलेटची सुरुवात आपल्या मुंबईतच झालेली: ल्युसी विल्स यांनी गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगावर यीस्टचा अर्क चालतो हे १९३१ मध्ये छापलं. विल्सबाईंचं नाव राहिलं. रक्त देणाऱ्या बायकांची, नमुने सांभाळणाऱ्यांची नावं शोधून सापडायची नाहीत.

तेव्हा आता कागद. परदेशी भागीदार आहे म्हणजे संस्थेच्या नैतिकता समितीशिवाय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागते. ती हातात आल्याशिवाय एकही नळी विमानात बसणार नाही. नमुने हस्तांतराच्या करारात बघ: उरलेला डीएनए परत येणार की नष्ट होणार, उद्या दुसऱ्या आजारासाठी वापरायचा झाला तर कोणाला विचारणार, आणि पेपरात आरोग्य केंद्राच्या तंत्रज्ञाचं नाव कुठे. संमतीपत्र आधी आशाताईंना वाचायला दे. त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदल.

तुमची मीटिंग पुढच्या आठवड्यात ना? त्याआधी शनिवारी सकाळी ये. करार आणि संमतीपत्र छापून आण, स्क्रीनवर आता माझ्याने वाचवत नाही. जेवूनच जा.

तुझी,
मॅडम