लाकडाच्या गिरणीचं गाव कुठं गेलं?

प्रश्न : आमचे सासरे सांगलीच्या टिंबर एरियात आरा मशीनवर तीस वर्षं कामाला होते. परवा नातवाने त्यांना मोबाईलवर अमेरिकेतल्या एका ओसाड गावाचा फोटो दाखवला, खाली लिहिलं होतं की इथली लाकडाची गिरणी बंद पडली आणि गाव संपलं. तेव्हापासून ते विचारतायत, गिरणी बंद पडली तर पडली, अख्खं गाव कसं काय उठतं? — एक सूनबाई, सांगली

उत्तर : ताई, सासऱ्यांना नमस्कार सांगा. त्यांनी आयुष्यभर जे बघितलं त्याच्या बरोबर उलटं तिकडं होतं. सांगलीत ओंडका ट्रकमधनं मशीनपाशी येतो, एक वखार बंद झाली तर माणूस शेजारच्या वखारीत जातो. तिकडं गिरणीच जंगलात गेली आणि गाव तिच्या मागनं गेलं, कारण कॅलिफोर्नियातली रेडवुडची झाडं तीनशे फुटांच्या वर जातात, तो ओंडका लांब ओढून न्यायचा म्हणजे कापण्यापेक्षा नेण्यातच जीव जायचा.

युरेका शहराजवळचं फॉक हे त्यातलंच एक गाव. 1884 साली नोआ फॉक यांनी ते एल्क नदीच्या काठी वसवलं. भरात असताना तिथं चारेकशे माणसं राहायची, दुकान होतं, शाळा होती, कामगारांची खानावळ होती. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच गिरणी, आणि मला वाटतं गोम इथंच आहे. तिथं शेती नाही, बाजारपेठ नाही, दुसरा धनी नाही. जवळचं जंगल कापत कापत तोड लांब लांब सरकत जाते, त्यात 1929 नंतर जगभर मंदी आली, घरं बांधायचीच थांबली तर फळ्या घेणार कोण? 1937 ला गिरणी बंद झाली. रोजगार गेला तशी माणसं गेली, घरं रिकामी पडली, आणि उरलीसुरली पडकी घरं 1979 साली पाडून टाकली.

आपल्याकडे असं एका कारखान्यावर उभं राहिलेलं गाव बघायचं तर किर्लोस्करवाडी बघा, आपल्याच जिल्ह्यात आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जमिनीवर ती वसवली. ती टिकली, कारण त्यांचा माल संपणारा नव्हता, नांगरापाठोपाठ पंप, इंजिनं असं नवं नवं करत गेले. फॉकच्या लोकांना ती सोय नव्हती, त्यांचं भांडवलच उभं झाड होतं, आणि ते परत तेवढं व्हायला शेकडो वर्षं लागतात. त्या लोकांना दोष द्यावासा मला वाटत नाही, पण झाडांचं मात्र फार वाईट वाटतं.

1999 मध्ये तिथल्या सरकारने 7,472 एकर जंगल विकत घेऊन राखीव केलं, फॉकची जागा आता त्यात येते. पायवाटेने चालत जाता येतं.

सासऱ्यांना एक गोष्ट नक्की सांगा, त्यांना आवडेल. रेडवुडचा बुंधा खाली फार फुगीर असतो, म्हणून तोडणारे दोघं जण कुऱ्हाडीने बुंध्याला खाच पाडायचे, तिच्यात फळी खोचायचे आणि त्या फळीवर उभं राहून, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, लांबलचक करवत ओढायचे. जुन्या बुडख्यांवर त्या खाचा अजून दिसतात, आणि कितीतरी बुडख्यांच्या कडेनं रेडवुडचे नवे कोंब फुटून आता चांगली उंच झाडं झालीत.