येशू असताना कॅथलिक लोक सेंट अँथनीकडे का मागतात? आणि मी हिंदू आहे, मी गेलो तर चालेल का?

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून बदली होऊन बेळगावात आलाय, घरमालकीण कॅथलिक आहेत, दर मंगळवारी सेंट अँथनीला मेणबत्ती लावायला जातात, तुम्हालापण चला म्हणाल्या, आणि तुमच्या डोक्यात आलं की देव येशू असेल तर हा मधला माणूस कशाला. मी जन्माने कॅथलिक, गाव खानापूर तालुक्यात, नोकरी उद्यमबागेतल्या कारखान्यात, घरात अर्धी कोंकणी अर्धी मराठी. फादर नाही, पण हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय लोकांनी की उत्तर जरा लांबेल.

पहिल्यांदा एक सांगतो. ह्या प्रश्नाला आमचेच लोक जे उत्तर देतात ते मला पटत नाही. ते म्हणतात, कसं हाय बघा, तहसीलदाराला भेटायचं म्हटलं तर आधी शिपायाला गाठायला लागतं की, तसंच हे. ऐकायला सोपं वाटतं पण ह्यात देवाचा पार तहसीलदार होतो, म्हणजे ओळख असेल तर काम, नसेल तर उद्या या. चर्चची शिकवण अशी नाहीच. येशूकडे थेट जायला कुणालाच अडवलेलं नाही, आम्ही रोज जातोच, आख्खी मास, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, त्याच्यासाठीच असते. संत म्हणजे वशिला नव्हे.

मग काय? मला हे कळलं लदीनमध्ये. लदीन म्हणजे संध्याकाळी कुणाच्या तरी घरी नाहीतर खुरसासमोर (क्रॉससमोर) सगळे जमून जी प्रार्थना गातात ती, मूळ लॅटिन. आमच्या गावात पेटीवर एक आजोबा असायचे, ते एकेक नाव गात जायचे आणि सगळ्या बायका मागून म्हणायच्या "ओरा प्रो नोबीस". लहानपणी मला तो एकच शब्द वाटायचा, ओराप्रोनोबीस, म्हणजे आरतीत जयदेव जयदेव असतं तसं काहीतरी. अर्थ कुणालाच येत नव्हता. पुढं शाळेत फादरनी सांगितलं, ओरा म्हणजे प्रार्थना कर, प्रो नोबीस म्हणजे आमच्यासाठी. आणि मग म्हणाले, आता सुरुवात नीट ऐक. सुरुवातीला देवाचं नाव येतं तेव्हा उत्तर वेगळं असतं, "मिझेरेरे नोबीस", म्हणजे आमच्यावर दया कर. मारियेचं नाव आलं की लगेच बदलतं, ओरा प्रो नोबीस. देवाला म्हणायचं दया कर, आणि बाकी सगळ्यांना, अगदी त्याच्या आईलासुद्धा, म्हणायचं आमच्यासाठी प्रार्थना कर. कोंकणीत नमान मोरिये म्हणून मारियेची प्रार्थना आहे, तिच्यातपण तेच आहे, "आमां पापियां खातीर विनोती कर". विनोती कर, दे असं नाही. एवढाच फरक आहे आणि सगळा फरक तोच आहे.

ह्याला चर्चमध्ये जुने शब्द आहेत, देवाची करतात ती लाट्रिया म्हणजे आराधना, संतांचा करतात तो डुलिया म्हणजे आदर, आणि मारियेला जरा जास्त म्हणून हायपरडुलिया. मूर्तीचा वाद तर फार जुना, 787 साली निकिया इथे परिषद भरली तिथं ठरलं की चित्राला मान द्यायचा पण तो चित्रात जो आहे त्याला पोचतो, आराधना मात्र फक्त देवाची. नंतर प्रोटेस्टंट वेगळे झाले तेव्हा हाच मुद्दा परत आला आणि 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं परत तेच सांगितलं, वर बिशप लोकांना ताकीद दिली की ह्यात अंधश्रद्धा आणि पैसे कमवायचा धंदा घुसू देऊ नका. म्हणजे घुसत होता, नाहीतर कशाला सांगतील.

माझ्या कारखान्यात एक मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचा, मित्र आहे, बायबल तोंडपाठ. तो जेवणाच्या सुट्टीत मला 1 तीमथ्य 2:5 काढून दाखवतो, देव आणि माणसं ह्यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, ख्रिस्त येशू. मी म्हणतो बरोबर आहे लेका, पण त्याच अध्यायाची पहिली ओळ वाच की. तिथं पौल, ज्याच्या नावावर ते पत्र आहे तो, म्हणतो सगळ्या माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना करा. एकमेकांसाठी प्रार्थना केली म्हणून तो एकच मध्यस्थ काय कमी होत नाही. तो म्हणतो ते जिवंत माणसांचं आहे, मेलेल्यांना कशाला हाक मारायची? खरा वाद इथं आहे. आम्ही मानतो की ते मेलेले नाहीत, देवाजवळ जिवंत आहेत, रोजरीच्या (माळेचे मणी मोजत म्हणायच्या प्रार्थनेच्या) सुरुवातीला जी श्रद्धेची कबुली म्हणतो त्यात संतांच्या संगतीवर विश्वास आहे असं येतं ते हेच. प्रकटीकरणाच्या 5व्या अध्यायात वडील मंडळी हातात धुपाच्या वाट्या घेऊन आहेत आणि तो धूप म्हणजे पवित्र लोकांच्या प्रार्थना असं लिहिलंय. माझा मित्र ते वेगळ्या पद्धतीनं वाचतो. गेली अकरा वर्षं आमचं हे चाललंय, डबा मात्र एकत्रच खातो.

तुम्ही असं बघा, घरात कुणी आजारी पडलं की आपण व्हॉट्सअपवर सगळ्या ग्रुपला टाकतो ना, प्रार्थना करा म्हणून. तेव्हा कुणी विचारत नाही की तू स्वतः देवाला का सांगत नाहीस, आम्हाला कशाला मधे घालतोस. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा मारियेनं तेच केलं, येशूला जाऊन सांगितलं "यांच्याजवळ द्राक्षारस नाही". स्वतः काही केलं नाही, फक्त सांगितलं, आणि नोकरांना म्हणाली तो सांगेल तसं करा.

आता अँथनीचं. त्याला पाडुआचा अँथनी म्हणतात, पाडुआ म्हणजे इटलीतलं गाव, पण हा मूळचा तिथला नव्हेच, जन्म लिस्बनचा, 1195 च्या सुमारास, नाव फर्नांडो. फ्रान्सिस्कन साधू झाला, इटलीत गेला, प्रवचनकार म्हणून गाजला, 13 जून 1231 ला गेला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत 30 मे 1232 ला पोपनी संत जाहीर केलं. 1946 मध्ये तर त्याला चर्चचा आचार्य केलं, एवढा विद्वान माणूस, आणि आपण त्याला हरवलं-सापडलं खात्यात बसवलाय! कथा अशी सांगतात की त्याचं स्तोत्रांचं पुस्तक एक नवशिका साधू पळवून घेऊन गेला, अँथनीनं प्रार्थना केली आणि तो पुस्तक घेऊन परत आला. छपाईच्या आधीचा काळ, हातानं लिहिलेलं पुस्तक, वर त्याच्या स्वतःच्या टिपा, म्हणून इतकं जिवाला लागलं. तेव्हापासून काही हरवलं की अँथनी. मंगळवार का तर त्याला मंगळवारी पुरलं म्हणतात. असंच सगळ्या संतांचं असतं, अपोलोनियाचे छळात दात पाडले म्हणून दातदुखीला ती, जोसेफ, म्हणजे मारियेचा नवरा, सुतार म्हणून कामगारांचा तो, 1955 मध्ये पोपनी 1 मे हा त्याचा दिवस केला. माझ्या लॉकरच्या दारावर आतून त्याचा फोटो आहे, खंडेनवमीला मशिनीला हार घालतात तेव्हा पोरं एक फूल तिथंपण लावून जातात.

आमच्या घरचं सांगतो. वाटणीच्या वेळी शेताचं जुनं खरेदीपत्र गावेना. काका उद्या येणार, वकील येणार, आणि कागद नाही. सगळी कपाटं उपसली. आईनं काय केलं, देवघरात (आम्ही आल्तार म्हणतो) सेंट अँथनीची वीतभर मूर्ती आहे, त्याच्या हातावर बाळ येशू बसलेला असतो, आमच्या मूर्तीतला बाळ सुटा निघतो. तिनं तो बाळ काढला, पदरात गुंडाळला आणि डाळीच्या डब्यात ठेवला. मी म्हटलं काय करायलीस गे? म्हटली, "गप बस की तू. कागद दिऊंदे आधी, मग पोर घिऊंदे." अँथनी बिचारा रिकामा हात पुढं करून उभा. रात्री साडेदहाला तिलाच आठवलं, पत्र्याच्या ट्रंकेत तळाला जो पेपर अंथरलाय त्याच्या खाली तिनंच सरकवून ठेवलं होतं, बारा वर्षांपूर्वी. तो पेपरपण चिकटून बसला होता, कागदाच्या एका कोपऱ्यावर त्याची शाई उमटली होती, अजून आहे.

चमत्कार म्हणाल तर मी म्हणणार नाही, आई शांत बसली म्हणून आठवलं असं मला वाटतं, आई म्हणते शांत कुणी बसवलं ते सांग. बाळ परत हातावर गेला, डाळीची पूड पुसून. आणि दुसऱ्या दिवशी तिनं तेरा पाव घेऊन बस स्टँडजवळ बसणाऱ्यांना वाटले. ही सेंट अँथनीची भाकर, जुनी पद्धत आहे, मागितलेलं मिळालं की गरिबाला खायला घालायचं. मला ह्या सगळ्यात तेवढं एक बिनशर्त आवडतं.

हे बाळ काढून घेणं वगैरे फादर लोकांना आवडत नाही बरं का. एकदा प्रवचनात फादर म्हणाले होते, संतांशी सौदा करू नका, यल्लम्माला कबूल करता तसं इथं करू नका, आणि पुढच्या बाकावरच्या निम्म्या बायका खाली बघायला लागल्या. खरं सांगायचं तर आमच्याकडं आंगवण म्हणतात ती आणि तुमचा नवस ह्यात मनातनं काही फार फरक नसतो. सौंदत्तीच्या डोंगरापासून जुन्या गोव्यापर्यंत माणूस तोच, त्याची अडचण तीच. मंगळवारी तुम्ही बघालच, मेणबत्त्या लावणाऱ्यांत टिकली लावलेल्या बायकापण असतात, कुणी विचारत नाही.

पण सौदा करून सगळं मिळत नाही हेपण लिहायला पाहिजे. वडील आजारी होते तेव्हा मी चालत गेलो होतो, बेळगावहून जुन्या गोव्याला, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाला. फेस्त म्हणजे त्याचा सण 3 डिसेंबरला, 1552 मध्ये त्या दिवशी तो चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, आणि 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना. आपल्याकडनं बरेच लोक चालत जातात. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट उतरून साखळीकडं. कणकुंबीला पहाटे इतकं दव असतं की चादर पिळून काढावी लागते. वाटेत एका घरात बाईंनी अंगणात बसवून चहा-चपाती दिली, भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर होतं, म्हणाल्या आमची वारी आषाढीला तुमची थंडीत, तेवढंच. पायाला फोड घेऊन बॉम जेझूच्या, म्हणजे झेवियरचं शव ठेवलंय त्या चर्चच्या, दारात पोचलो तेव्हा काय मागायचं तेच सुचेना.

वडील फेब्रुवारीत गेले. मी वर्षभर चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. आई मात्र त्याच जागेवर त्याच वेळी रोजरी म्हणत राहिली. एकदा चिडून विचारलं तिला, सांगितलेलं ना तुझ्या संतांना सगळ्यांना, काय झालं? म्हटली, "त्यांनी सांगितलं असणार रे. ऐकायचं की नाही ते वरच्याच्या हातात. पण त्या रात्री हॉस्पिटलात मी एकटी नव्हते बघ." मी त्या रात्री तिथं नव्हतो, सेकंड शिफ्टला होतो. तिच्याजवळ जोसेफचं कार्ड होतं, तो चांगल्या मरणाचापण संत, त्याच्या मरणाच्या वेळी येशू आणि मारिया जवळ होते असं मानतात म्हणून. त्यानंतर मी हा प्रश्न वादासाठी म्हणून घेत नाही.

हल्ली माझ्या पोराच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये कार्लो अकुटिसचा फोटो आहे, जीन्स आणि स्पोर्ट शूज घातलेला संत, 2006 मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेलेला पोरगा, कॉम्प्युटरवर वेबसाईट करायचा, 2025 च्या सप्टेंबरात संत जाहीर झाला. पोरगा त्याला परीक्षेच्या आधी काहीतरी सांगतो. अभ्यास केला नसेल तरीपण सांगतो, तिथं त्याचं आणि माझं भांडण आहे.

तर तुमचं. जा की खुशाल. नारळ, हार नको, मेणबत्ती पुरे, ती दाराशीच मिळते. मास चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. फक्त कम्युनियनला रांग लागते तेव्हा रांगेत जाऊ नका, तो पावाचा तुकडा प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटत नाहीत, आमच्यासाठी तो साक्षात ख्रिस्त आहे, बाप्तिस्मा आणि कम्युनियन झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायचा असतो. जागेवर बसून राहिलात तर कुणी काही बोलणार नाही. आणि 13 जूनला, अँथनीच्या फेस्ताला, इथंच असाल तर घरमालकीणबाईंना विचारा लदीन कुणाकडं आहे. शेवटी उकडलेले चणे वाटतात, खोबरं घातलेले, ओंजळ पुढं करायची. नको म्हणू नका, राग येतो त्यांना.