बाळासाठी ठाणं हाच परदेश

या महिन्यात दत्तक बाळाला भेटायला जाण्याबद्दल दोन पत्रं आलीत. पहिलं छोटं आहे ते आधी संपवते, दुसऱ्याला वेळ लागणार आहे.

पत्र पहिलं, नेरूळहून

नमस्कार ताई, आमच्या लग्नाला ९ वर्षं झाली, काराच्या (केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेच्या) पोर्टलवर नाव नोंदवून दोन वर्षं होत आली, अजून नंबर नाही. माझ्या ऑफिसातला एकजण म्हणतो की बाहेरच्या एखाद्या देशात जायचं, महिनाभर राहून बाळाशी ओळख करायची आणि घेऊन यायचं, तिकडे पटकन होतं. असं खरंच करता येतं का? पासपोर्ट दोघांचेही आहेत.

उत्तर

पासपोर्ट आहेत हे ठीक, पण ऑफिसातल्या त्या माणसाचं ऐकू नका. भारतीय नागरिकांना परदेशातलं मूल दत्तक घेता येतं, नियमात सोय आहे, पण आधी त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तिथली सगळी प्रक्रिया, मग दोन्ही देशांच्या सरकारी यंत्रणांची कागदपत्रं एकमेकांकडे जाणार, कारा हेग कराराखाली (देशादेशांतल्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) मंजुरी देणार, आणि बाळाचा पासपोर्ट परदेशी असला तर त्याला भारतात आणायला व्हिसा लागणार. यात 'पटकन' कुठे आलं सांगा. शिवाय दारं बंद होतायत. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, चीनने २०२४ मध्ये, फक्त जवळच्या नात्यातलं सोडून. जिथे चालू आहे तिथे सुद्धा बाळाशी ओळख हा हौसेचा भाग नसतो, बल्गेरियात दोन फेऱ्या कराव्या लागतात आणि पहिल्या फेरीत निदान पाच दिवस मुलासोबत काढावे लागतात, मग घरी परतायचं आणि वाट बघायची. म्हणजे वाट बघणं चुकत नाहीच. आणि कोणी एजंट 'तुम्ही फक्त तिकीट काढा, बाकी मी बघतो' म्हणाला तर तिथूनच उठा, चहा सुद्धा घेऊ नका.

इथलाच नंबर धरून ठेवा. होम स्टडीचा, म्हणजे तुमच्या घराच्या चौकशीचा, रिपोर्ट तीन वर्षं चालतो, त्याची तारीख बघून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

पत्र दुसरं, मूळ ठाण्याच्या वाचक, सध्या न्यू जर्सी

ताई, मी पाचपाखाडीत वाढले, आता एडिसनला असते, तुमचं सदर आई मला फोटो काढून पाठवते. आम्ही दोघंही यूएस सिटिझन आहोत, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड आहे. महाराष्ट्रातल्याच एका संस्थेतली १४ महिन्यांची मुलगी आम्हाला मिळाली आहे, तिला जन्मतः क्लबफूट (पाऊल आत वळलेलं) होता, प्लास्टर वगैरे झालंय, आता फक्त रात्री बूट आणि त्यांना जोडणारी दांडी घालतात. काराची एनओसी (ना-हरकत) आली, दत्तकाची ऑर्डर यायचीय. मला सहा आठवडे रजा मिळेल, नवऱ्याला जेमतेम दहा दिवस. मी आत्ताच येऊ का ऑर्डर झाल्यावर? आत्ता आले तर फॉस्टर केअरमध्ये (ऑर्डरआधी तात्पुरत्या ताब्यात) तिला आईकडे ठेवता येईल असं एजन्सी म्हणते. आई तर म्हणते तू रजा संपली की परत जा, व्हिसा होईपर्यंत मी सांभाळते, आणि तिने राम मारुती रोडला बारशासाठी हॉल पण बघून ठेवलाय, साठ माणसं. मला पण वाटतं माहेरीच तर यायचंय, परदेशात थोडीच जायचंय. आणि बाळ माझ्याकडे आलंच नाही तर? रोज रात्री हेच डोक्यात असतं.

उत्तर

अगं अभिनंदन! आईंना नमस्कार सांग, त्यांचा उत्साह मला इथे वाशीत बसून दिसतोय.

'परदेशात थोडीच जायचंय' या तुझ्या वाक्याशी मी थांबले. तुझं माहेर आहे गं, तिचं काय? तिने आजवर बघितलेलं जग म्हणजे एक हॉल, ओळीने लावलेले पाळणे, दोन-तीन मावश्या, ठरलेल्या वेळी येणारी वाटी आणि रात्रभर कोणाचं ना कोणाचं रडणं. पाचपाखाडीचा फ्लॅट तिच्यासाठी परदेशच, आणि तिथे जरा रुळेपर्यंत एडिसन म्हणजे दुसरा परदेश, तिथली थंडी वेगळी, वास वेगळा, दिवसाची रात्र झालेली. दोन्हीकडे सारखं राहणार ते तुम्ही दोघं, बाकी काहीच नाही. म्हणून मी रजेचं, फॉस्टर केअरचं, बारशाचं सगळं उत्तर त्यावरूनच देणार आहे, आई रागावल्या तरी.

आधी रजा. एनओसीनंतर ऑर्डर होईपर्यंत बाळ फॉस्टर केअरमध्ये देता येतं, एजन्सी बरोबर सांगतेय. पण ऑर्डर म्हणजे शेवट नव्हे. कायद्यात दत्तकाचं प्रकरण दोन महिन्यांत निकाली काढा असं लिहिलंय, ते किती ठिकाणी पाळलं जातं यावर तिकीट काढू नकोस, आणि त्यानंतर जन्मदाखला, बाळाचा पासपोर्ट, काराचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला), मेडिकल, मग अमेरिकेच्या व्हिसासाठी दिल्लीची फेरी. सहा आठवड्यांत हे बसत नाही. म्हणजे आत्ता तिला घरी आणलंस तर रजा संपेल तेव्हा ती नुकती कुठे तुझ्या खांद्यावर मान टाकायला लागलेली असेल आणि तू विमानात बसशील. हे करू नकोस. आजीकडे ठेवून जाणं तर नकोच, एक तर फॉस्टर केअरचं हमीपत्र तुमच्या दोघांच्या नावाने असतं, ताबा तुम्हाला दिलेला असतो, आणि दुसरं म्हणजे मग ती जीव लावेल तो आजीला, आणि चार महिन्यांनी तिला आजीपासून पण तोडायचं. आधी मावशी गेली, मग आई गेली, मग आजी गेली. एवढ्याशा आयुष्यात तिसऱ्यांदा.

मी काय करेन सांगते. सहा आठवडे तोडून घे. आत्ता दोन आठवडे ये, नवऱ्याचे पाच दिवस त्यात घाल, आणि ठाण्यात न उतरता थेट संस्थेच्या गावी लॉजवर राहा. बाळ तिच्या जागेवर, तू पाहुणी. उरलेले चार आठवडे ऑर्डर झाल्यावर. तुमच्या तिकडच्या एफएमएलए नावाच्या रजेच्या कायद्यात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा असते ना, ती दत्तकासाठी लागू आहे आणि बाळ ताब्यात यायच्या आधीचा प्रवास पण त्यात बसतो, कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील आणि तुझं वर्ष भरलेलं असेल तर एचआरला विचार, बहुतेक लोक विचारतच नाहीत.

दोन आठवड्यांनी निघालीस की तिला त्रास होणारच, तो होणार नाही असं मी म्हणत नाही. पण ती तिच्या मावशीकडे, तिच्या पाळण्यात असेल, हा फरक मोठा आहे. जाताना तू रोज अंगावर घेतलेली ओढणी तिथे ठेवून ये, न धुता. संस्था हो म्हणाली तर जेवायच्या वेळेला व्हिडिओ कॉल कर, पाचच मिनिटं, नुसतं 'मम्मम कर' म्हण आणि ठेव.

आता 'बाळ आलंच नाही तर'. येणार नाही. पहिल्या दिवशी नाहीच येणार आणि यायला पण नको. या वयात अनोळखी माणसाला बघून रडणारं बाळ म्हणजे आतून ठणठणीत बाळ, त्याला आपलं कोण ते कळतं. मी माझ्या मुलाला आणायला गेले तेव्हा तो ११ महिन्यांचा होता, आणि मी शहाणी, गेल्या गेल्या उचललं. त्याने जो टाहो फोडला की हॉलमधली सगळी पोरं सुरू झाली. पुढे घरी आणल्यावर दोन दिवस रडला आणि तिसऱ्या दिवशी एकदम गप्प. सासूबाई म्हणाल्या बघ कसा रुळला, आणि मी पेढे वाटायच्या बेतात. तो रुळला नव्हता, त्याने हात टेकले होते. जॉन बोल्बी नावाचे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईपासून तुटलेल्या मुलांचं हेच टिपून ठेवलंय, आधी आकांत, मग खिन्न शांतता, मग कोणी आलं-गेलं तरी सारखंच. हे मला नंतर वाचून कळलं. आमचा खरा रुळला तो दहाव्या-अकराव्या रात्री, मी पाणी प्यायला उठले तर माझ्यामागे रडला. फक्त माझ्यामागे. त्या रडण्याचे पेढे वाटायला हवे होते.

तर तू जाशील तेव्हा उचलू नकोस. जमिनीवर बस. मावशी भरवत असेल तिच्या बाजूला बस, मावशीशी गप्पा मार, बाळाला तू मावशीची मैत्रीण वाटली पाहिजेस. हातात चकचकीत खेळणं नको, एक स्टीलची वाटी आणि चमचा पुरतो. मग मावशी वाटी धरेल आणि चमचा तुझा, मग वाटी पण तुझी, मग एखाद्या दिवशी मावशी उठून पाणी आणायला जाईल आणि बाळाच्या लक्षात पण येणार नाही. कधी तिसऱ्या दिवशी होतं, कधी नवव्या. आणि मावशांना विचारून घे गं सगळं, सोशल वर्कर मॅडमच्या फाइलमध्ये ते नसतं. कुठल्या कुशीवर झोपते, पाठीवर थोपटलेलं लागतं का पाय हलवलेले, पेज कशी लागते, घट्ट की पातळ, नाचणीसत्त्वात गूळ की साखर, दूध बाटलीने की वाटीने, कोणाला घाबरते (चष्म्याला घाबरणारी बाळं असतात, दाढीला तर फारच, नवऱ्याला आधीच सांगून ठेव). आणि तिला हाक कशी मारतात. कागदावर काहीही नाव असो, तिथे ती छकुली नाहीतर ठमी असेल, ते नाव बरोबर घेऊन ये. तुम्ही ठेवलेलं नाव हळूहळू त्याला जोडून म्हणा, एकदम बदलू नका. घरात माणसं बदलली, पांघरूण बदललं, निदान हाक तरी जुनी असू दे.

बूट आणि दांडीचं विशेष सांगते. क्लबफूटच्या मुलांना ते रात्री साधारण चार-पाच वर्षांची होईपर्यंत घालावं लागतं, सोडलं तर पाय परत आत वळू शकतो, म्हणजे 'रडतेय बिचारी, आज राहू दे' हे आजीचं वाक्य घरात चालणार नाही. पण अनोळखी बाई रोज रात्री येते आणि पाय बांधते अशी ओळख व्हायला नको. म्हणून भेटीच्या दिवसांत बूट मावशीला घालू दे, तू फक्त गाणं म्हण. रोज तेच एक गाणं, त्याच चालीत. मग बूट तुझ्याकडे येतील तेव्हा गाणं आधीच ओळखीचं असेल. एक जोड मोठ्या मापाचा आत्ताच बघून ठेव, आणि तिकडच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरची अपॉइंटमेंट इथूनच घे, पाय थांबत नाहीत.

ऑर्डर झाल्यावर ठाण्याला आणाल तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे भरवणं, अंघोळ, नॅपी, झोपवणं आणि बूट हे फक्त तुम्ही दोघांनी करायचं, आणि नवरा नसेल तेव्हा तू एकटीने. मालीशवाली बाई नको, तेल तूच लाव, वाकडंतिकडं लागलं तरी. आईंना वाईट वाटेल. त्यांना सांग की आई, तू मला सांभाळ, मी तिला सांभाळते. वरणभात, कपडे, दारावरची बेल, शेजारणी, हे सगळं त्यांच्याकडे, आणि हे काम कमी नाहीये, पाचपाखाडीत शेजारणी आवरणं म्हणजे काय ते तुलाही माहितीय. संस्थेतली काही मुलं कोणाच्याही कडेवर जातात, हसतात, गळ्यात पडतात, लोक म्हणतात काय लाघवी आहे. ते लाघवीपण नसतं, कोणीही उचललं तरी चालेल अशी सवय झालेली असते. ती सवय मोडायची तर काही दिवस उचलणारे हात मोजकेच हवेत. म्हणून साठ माणसांचं बारसं आत्ता नको. पुढच्या वर्षी सुट्टीला याल तेव्हा करा, ती स्वतः हॉलभर धावेल आणि घाबरली की तुझी साडी धरेल, तेव्हा आईंना हवी तेवढी माणसं बोलवू दे. तोवर संध्याकाळी तलावपाळीला पण नको, ती गर्दी आणि ते हॉर्न आपल्यालाच सोसत नाहीत. गाडीची सवय मात्र थोडी थोडी लाव, ती बहुतेक गाडीत बसलेलीच नसेल, आणि पहिलाच मोठा प्रवास घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून झाला तर उलट्या ठरलेल्या. रात्री एसी लावून काळोख करून झोपवायला जाशील तर झोपणार नाही, तिला आवाजात झोपायची सवय आहे, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू राहू दे.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकू नका, हे आईंना तू सांग, मी सांगितलं म्हणून सांग. संस्थेतल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि एकदा ग्रुपवर गेलेला फोटो कुठे कुठे जातो ते आपण बघतोच.

एक फोटो मात्र मागून घे. निघायच्या दिवशी, ऑर्डर हातात आल्यावर, संस्थेची परवानगी घेऊन, त्या मावशीचा, कडेवर तुझी मुलगी असलेला. फोनमध्ये ठेवू नकोस, प्रिंट काढ आणि एडिसनच्या घरी तिच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर लाव. माझ्याकडे असा फोटो नाही. मुलगा आता मोठा झालाय, मागच्या वर्षी त्याने विचारलं की मला आधी कोण भरवायचं, आणि मला त्या बाईंचा चेहरा काही केल्या आठवेना, फक्त हिरव्या बांगड्या आठवल्या.