बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या नॅरोगेज मार्गाच्या खुणा आज कुठे शोधाव्यात?

धाराशिव शहराच्या आसपासचा, म्हणजे येडशी ते ढोकी या बाजूचा पट्टा आधी धरा. या रेल्वेचा मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा अडीच फुटी मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला, पण जुनी गाडी धाराशिव शहरात जातच नव्हती. २००७-०८ च्या सुमारास नवा मार्ग शहराकडे वळवला आणि या पट्ट्यातला जुना रेल्वेबांध बाजूला पडला. इतर बऱ्याच ठिकाणी नवे रूळ जुन्यालाच धरून टाकलेत, तिथे फार काही हाती लागणार नाही.

घरबसल्या सुरुवात करायची तर टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर १९५० च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे भारताचे नकाशे (यू ५०२ मालिका) फुकट आहेत. त्यावरची रेल्वेची रेघ उपग्रहचित्रावर ठेवून पाहा. शेतांचे बांध चौकोनी असतात. त्यांना तिरकी कापत जाणारी, सावकाश वळणारी अरुंद पट्टी दिसली की समजा जुना रेल्वेबांध सापडला. मग गाव नकाशात (गावातल्या जमिनींचे गट दाखवणाऱ्या सरकारी नकाशात) ती पट्टी वेगळी दाखवलीय का ते बघा. जागेवर गेल्यावर रुळांपेक्षा दगडी मोऱ्या (रुळाखालून पाणी जाण्यासाठी बांधलेले छोटे पूल) शोधा. रूळ भंगारात जातात, मोरी राहते. रेल्वेबांध मात्र अरुंदच असणार, कारण ही लाइन जेमतेम अडीच फुटी होती.

एक लक्षात ठेवा: नकाशाचे प्रमाण १:२,५०,००० आहे, त्यामुळे रेघ शे-दोनशे मीटर सहज इकडेतिकडे असू शकते. आणि उभ्या पिकात शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारा. रेल्वेबांध नेमका कुठे होता हे बहुधा तोच सांगेल.