आईचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे आमवातच का? सोलापुरात पुढे कोणत्या तपासण्या कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की आई ५२ वर्षांच्या आहेत, विड्या वळतात, दोन महिने बोटं दुखतायत आणि आरए फॅक्टर २८ आलाय (लॅबची मर्यादा २०). एवढ्यावरून आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो आजार) ठरत नाही. आरए फॅक्टर ही रक्तातली एक अँटीबॉडी. टीबी, हिपॅटायटिस सी, नुसतं वाढलेलं वय, यांतही हा फॅक्टर वाढतो. उलट खरा आमवात असूनही बऱ्याच जणांचा निगेटिव्ह येतो. तीच टेस्ट महिन्या-महिन्याला करू नका, पैसे वाया जातात.

आता करायची ती अँटी-सीसीपी, आमवाताच्याच दुसऱ्या अँटीबॉडीची रक्ततपासणी. आमवात नसताना ती क्वचितच पॉझिटिव्ह येते. रिपोर्टवर आकडा मागून घ्या, कारण मर्यादेच्या तिपटीहून जास्त आला तर त्याला वजन वेगळं. आमवात ठरवायच्या २०१० च्या निकषांत १० पैकी ६ गुण लागतात. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपीच्या २८ सारख्या किंचित वाढीला २ मिळतात, तिपटीच्या वर ३. बाकीचे गुण सुजलेले-दुखरे सांधे, ईएसआर-सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या दोन रक्ततपासण्या) आणि सहा आठवडे किंवा जास्त त्रास यांचे.

ईएसआर फार नाजूक. नळी तासभर अगदी सरळ उभी हवी, जरा कलली तरी आकडा फुगतो. रक्त चार तासांच्या आत लावायला हवं. मे महिन्यात घरून नेलेला नमुना दुपारभर गाडीच्या डिकीत राहिला तर रिपोर्टवर भरवसा नाही. आईंना घेऊन लॅबमध्येच जा. हिमोग्लोबिन कमी असलं तरी ईएसआर वाढतो, म्हणून सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी) सोबत करा. उपाशी राहायची गरज नाही. पण कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, त्याने ईएसआर-सीआरपी खाली येतात आणि सगळं नॉर्मल वाटतं. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) चालू असेल तर तेही सांगा, काही टेस्ट चुकतात.

एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठीची अँटीबॉडी तपासणी) उगाच करू नका. १:८०, म्हणजे रक्त ८० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह, हा रिपोर्ट निरोगी माणसांतही सापडतो. चेहऱ्यावर चट्टे, तोंडात फोड, डोळे कोरडे असं काही असेल तरच करा, तेही इम्युनोफ्लुरोसन्स या पद्धतीने.

आधी ताप येऊन गेला होता का? चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने बोटं अशीच आखडतात.

मुठीच्या उंचवट्यांचे सांधे सुजलेत आणि सकाळी बोटं तासभर मिटत नाहीत, असं असेल तर रिपोर्टची वाट न पाहता रुमॅटॉलॉजिस्टला (अशा सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञाला) दाखवा; खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करा. फक्त अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर विडी वळण्याचा ताण जास्त संभवतो.