जपानमधल्या अकिताच्या खेड्यात इंग्रजी शिकवायला निघालास ना?

अरे, वर्गाची काळजी आत्ता करू नकोस. जपानी शिक्षक सोबत असतात. सुरुवातीला तुझं काम म्हणजे उच्चार करून दाखवणं आणि खेळ घेणं. खरी परीक्षा घरात.

ऑगस्टच्या उकाड्यात पोहोचशील, पण डिसेंबर डोक्यात ठेव. जुन्या घरांच्या भिंती पातळ, ऊब एखाद्याच खोलीत. रॉकेलचा हीटर लागतो. पेट्रोल पंपावर १८ लिटरचा लाल कॅन भरून मिळतो. झाकण घट्ट आवळ. माझ्या गाडीत सांडलं होतं, उन्हाळ्यापर्यंत वास गेला नाही! आणि हीटर चालू असताना अधूनमधून खिडकी उघडायचीच, कितीही जिवावर आलं तरी.

शाळेतलं जेवण मुलांसोबत वर्गातच. मुलंच पांढरे डगले-टोप्या घालून वाढतात, बघायला मजा येते. शाकाहारी असशील तर आधीच सांग. मिसो सूपमध्येही (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप) बहुधा माशाचं दाशी, म्हणजे माशाचा अर्क उतरलेलं पाणी असतं. ‘भाजीचंच आहे’ यावर मी दोन महिने फसले.

कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटव. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी स्टिकर लागून तिथेच पडून राहते, आणि ती कोणाची हे अख्ख्या गल्लीला कळतं. शाळेच्या इमारतीत घालायचे वेगळे बूट मात्र इथूनच ने. तुझ्या मापाचे तिथे पटकन मिळायचे नाहीत.