ल्योंला दोन दिवस

प्रश्न : ताई, लेकीकडे पॅरिसला जातोय. दोन दिवस ल्यों बघायचंय. दोघंही साठीपुढचे, माझे गुडघे कुरकुरतात, दोघंही शाकाहारी. जमेल का? – एक वाचक, दादर

उत्तर : जमेल की! पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेनं साधारण दोन तास. दादर-पुण्याहून कमीच.

जुनं ल्यों सोन नदीकाठी आहे. तिथं 'त्राबूल' बघाच. म्हणजे एका गल्लीतून दार ढकलून आत शिरायचं, चौकातून, जिन्याखालून पलीकडच्या गल्लीत निघायचं. मी गिरगावात वाढले, वाडीतून वाडीत असंच पळायचो. मला तर माहेरीच आल्यासारखं वाटलं. र्‍यू सें-जाँवरचं ५४ नंबरचं दार सर्वांत लांब त्राबूलचं. आत लोक राहतात हो, हळू बोला. (यांना मीच दोनदा दटावलं.)

फुर्व्हिएरची टेकडी चढू नका, फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे) आहे. वर रोमन नाट्यगृह आहे. त्याच्या पायऱ्या मात्र खालूनच बघा. क्रुआ-रूस ही रेशीम विणकरांची टेकडी, तिथं मेट्रो जाते. उंच माग मावावेत म्हणून घरांची छतं चार मीटरच्या आसपास. साडीच्या दुकानात 'जॅकार्ड' म्हणतात ना, ते विणकाम ज्याच्या मागावरून ओळखलं जातं तो जाकार इथलाच, जन्म १७५२चा.

जेवणाचं मात्र अवघड. 'बूशों' नावाच्या खानावळींत मांसाचंच राज्य. 'सेर्व्हेल द कान्यू' मागा. अर्थ 'विणकराचा मेंदू', पण घाबरू नका, ताज्या चीजमध्ये कांदा नि हिरवा मसाला घालतात, आपल्या चक्क्याच्या जवळचं. आणि पिशवीत मेथीचे ठेपले असू द्या.